प्रकल्प नोंदी : पिवळ्या कमरेच्या वॉर्बलरचा प्रदेश, स्थलांतर आणि वर्गीकरण

२ एप्रिल २०२३, कॅल्गरी (आल्बर्टा, कॅनडा)

उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची माहिती मराठीत देणाऱ्या कोशाचे काम आम्ही सहा जणांनी वाटून घेतले असून, इंग्रजीत ज्याला ‘यलो-रम्प्ड वॉर्बलर’ म्हणतात त्या पक्ष्याची नोंद माझ्याकडे आली आहे. ती मी मागून घेतली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. हा पक्षी या खंडात सर्वत्र दिसतो. त्याची संख्या पंधरा कोटींच्या पुढे असल्याचे अंदाज आहेत. तरीही तो एका जातीचा पक्षी मानावा की दोन-तीन जातींचा, याविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. ज्या दोन रूपांवरून हा प्रश्न उभा राहिला, ती रूपे माझ्या घरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, रॉकी पर्वताच्या दऱ्यांत एकमेकांना भेटतात. अशा विषयावर केवळ पुस्तकांवरून लिहू नये, असे मला वाटते.

परिभाषेचा निर्णय आधी करून ठेवते. ‘प्रजाती’ हा शब्द वर्तमानपत्रांत सर्रास जाती या अर्थाने वापरला जातो. आपल्या शालेय पुस्तकांत मात्र कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे, म्हणजे एका प्रजातीत अनेक जाती येतात. वर्गीकरण हाच ज्या नोंदीचा गाभा आहे, तिथे ही सरमिसळ चालणार नाही. या नोंदींत आणि अंतिम मजकुरात जाती, तिच्या खाली उपजाती आणि तिच्या वर प्रजाती, हाच क्रम पाळीन.

९ एप्रिल

मराठी नाव काय द्यावे, या प्रश्नावर आठवडा गेला.

नाशिकला माझे काका गेली तीस वर्षे नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहतात. त्यांना छायाचित्र पाठवले, तेव्हा ते लगेच म्हणाले, “अगं, वटवट्याच आहे हा. पिवळ्या कमरेचा वटवट्या म्हण आणि मोकळी हो.” नाव कानाला गोड आहे आणि कोणालाही सहज कळेल असे आहे. तरीही मी ते स्वीकारलेले नाही, आणि त्याचे कारण काकांना नीट पटावे म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते.

आपल्याकडे ज्यांना वटवट्या म्हणतात ते पक्षी, म्हणजे शेताच्या बांधावर शेपटी उभारून बोलणारा राखी वटवट्या, हिवाळ्यात झाडांच्या पानांत फिरणारे पर्ण वटवटे, बोरूच्या बेटांतले वटवटे, हे जुन्या जगातील निरनिराळ्या कुलांत मोडतात. युरोपीय वसाहतवाले अमेरिकेत आले तेव्हा त्यांना असेच छोटे, बारीक चोचीचे, किडे टिपणारे पक्षी दिसले आणि त्यांनी ओळखीचे ‘वॉर्बलर’ हे नाव त्यांनाही दिले. वास्तविक अमेरिकेतील वॉर्बलर ‘पॅर्युलिडी’ या स्वतंत्र कुलातले असून हे कुल फक्त अमेरिका खंडांत आढळते. त्यांच्या पंखाच्या टोकाकडील मोठी, उपयोगी पिसे नऊ असतात. आपल्या वटवट्यांच्या पंखात दहावे पीसही असते, मग ते लहान का असेना. चोच आणि आकार यांतले साम्य नात्याचे नसून सारख्या आहारामुळे आलेले आहे.

मग यांचे महाराष्ट्रातले नातलग कोण? नऊ पिसांच्या या मोठ्या गटात भारीटही येतात. हिवाळ्यात दख्खनच्या ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट, चोच जाड आणि दाणे खाणारा असूनही, या अमेरिकन पक्ष्याला राखी वटवट्यापेक्षा जवळचा आहे. काकांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “असं असेल तर वटवट्या नको. पण मग काय म्हणशील?”

तूर्त ‘पिवळ्या कमरेचा वॉर्बलर’ असे लिहिते. ‘पिवळबुड्या’ हा पर्यायही सुचवला गेला होता. तो मी घेतला नाही, कारण लालबुड्या बुलबुलाचा लाल रंग शेपटीखाली असतो आणि या पक्ष्याचा पिवळा ठिपका शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूला असतो. पाहणाऱ्याने चुकीच्या जागी खूण शोधू नये.

२३ एप्रिल

इंगलवूडच्या पक्षी अभयारण्यात, बो नदीकाठी, या वर्षीचा पहिला पक्षी दिसला. कडेला बर्फ होता, बाल्सम पॉप्लरच्या कळ्या अजून उमलल्या नव्हत्या. नर एकटाच होता. गळा स्वच्छ पांढरा, डोळ्यावरून काळा पट्टा, वर बारीक पांढरी भुवई, आणि उडाला तेव्हा कमरेवर हळदीचे बोट लावल्यासारखा ठिपका. वॉर्बलरांपैकी बहुतेक जाती मे महिन्याच्या मध्याशिवाय इथे पोहोचत नाहीत. हा सर्वांच्या आधी येतो आणि सर्वांच्या नंतर जातो.

३० एप्रिल

नामकरणाचा इतिहास लिहून पूर्ण केला. हा भाग मला कंटाळवाणा होईल असे वाटले होते, पण प्रत्यक्षात उलट झाले, कारण नाव बदलले त्या प्रत्येक वेळी या पक्ष्याच्या नात्यागोत्याविषयीची समजूत बदललेली होती.

सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७६६ साली आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत त्याला ‘मोटासिला कोरोनाटा’ असे नाव दिले. कोरोनाटा म्हणजे मुकुटधारी. नराच्या डोक्यावर मधोमध एक पिवळी रेघ असते, ती पिसे फुलवल्याशिवाय फारशी दिसत नाही. मोटासिला ही आज धोब्यांची प्रजाती आहे. म्हणजे अठराव्या शतकातील शास्त्रीय समजुतीप्रमाणे हा पक्षी नदीकाठी शेपटी हलवत फिरणाऱ्या आपल्या पांढऱ्या धोब्याचा सोबती ठरत होता. लिनियसला दोष देण्याचे कारण नाही. बारीक चोचीच्या बहुतेक लहान पक्ष्यांना त्याने याच एका पेटीत ठेवले होते.

लिनियससमोर होते ते पूर्वेकडचे, पांढऱ्या गळ्याचे रूप. पश्चिमेकडचे रूप शास्त्राला माहीत व्हायला आणखी सत्तर वर्षे लागली. जॉन कर्क टाउनसेंड हा फिलाडेल्फियाचा तरुण निसर्गअभ्यासक १८३४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांच्याबरोबर नॅथॅनिएल वाइथ यांच्या व्यापारी तुकडीतून रॉकी पर्वत ओलांडून कोलंबिया नदीच्या प्रदेशात पोहोचला. तिथे त्याला पिवळ्या गळ्याचा पक्षी मिळाला, आणि १८३७ मध्ये त्याने चित्रकार ऑड्युबनच्या नावाने ‘सिल्व्हिया ऑड्युबोनी’ म्हणून त्याचे वर्णन केले. सिल्व्हिया ही जुन्या जगातील वटवट्यांचीच प्रजाती. काकांनी केले तेच टाउनसेंडने केले होते.

पुढे दोन्ही रूपे ‘डेंड्रोइका’ या अमेरिकन वॉर्बलरांच्या मोठ्या प्रजातीत आली आणि दीडशे वर्षांच्या आसपास तिथेच राहिली. मग २०१० मध्ये अर्विंग लव्हेट आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण कुलाची डीएनएवर आधारलेली वंशावळ प्रसिद्ध केली. तिच्यात ‘अमेरिकन रेडस्टार्ट’ नावाचा पक्षी डेंड्रोइकांच्या घोळक्यात अगदी मधोमध सापडला. आतापर्यंत तो ‘सेटोफागा’ या वेगळ्या प्रजातीत एकटा बसवलेला होता. दोन प्रजाती एक झाल्या, तर जुने नाव टिकते, हा नियम आहे. सेटोफागा १८२७ चे, डेंड्रोइका १८४२ चे. म्हणून एका पक्ष्याचे नाव टिकले आणि दोन डझनांहून अधिक पक्ष्यांचे बदलले. २०११ पासून आपला पक्षी ‘सेटोफागा कोरोनाटा’ आहे.

इथे आमच्या कोशासाठी आणखी एक सूचना लिहून ठेवते. ‘अमेरिकन रेडस्टार्ट’ची नोंद करणाऱ्या सहकाऱ्याने त्याला ‘अमेरिकन थिरथिरा’ म्हणू नये. आपला थिरथिरा माशीमारांच्या कुलातला आहे. वटवट्याच्या बाबतीत झाली असती तीच चूक तिथे होईल. त्याच फेरबदलात ‘पॅर्युला’ ही प्रजातीही सेटोफागात विलीन झाली, पण तिच्यावरून पडलेले ‘पॅर्युलिडी’ हे कुलाचे नाव नियमाप्रमाणे कायम राहिले. वाचक विचारतील, म्हणून एक वाक्य त्यावरही हवे.

७ मे

विणीच्या प्रदेशाचा नकाशा तयार केला.

पांढऱ्या गळ्याचे रूप ‘मर्टल वॉर्बलर’ म्हणून ओळखले जाते. ते पश्चिम अलास्कापासून संपूर्ण कॅनडाच्या सूचिपर्णी अरण्यपट्ट्यातून न्यूफाउंडलंडपर्यंत वीण करते. दक्षिणेकडे पंच महासरोवरांचा प्रदेश, न्यू इंग्लंड आणि ॲपलॅशियन पर्वताच्या उंच भागापर्यंत पोहोचते. पिवळ्या गळ्याचे रूप, म्हणजे ‘ऑड्युबन्स वॉर्बलर’, ब्रिटिश कोलंबियापासून पश्चिमेकडील पर्वतरांगांवरून ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोपर्यंत आढळते. दोन्ही रूपांना सूचिपर्णी झाडे लागतात. मर्टलची राने मैलोन् मैल सलग पसरलेली आहेत. ऑड्युबनची राने मात्र डोंगरमाथ्यांवर, खालच्या कोरड्या प्रदेशाने एकमेकांपासून तोडलेली आहेत.

नकाशात दोन रंग भरले आणि त्यांच्यामध्ये रॉकी पर्वताच्या कण्यावरून एक ठळक रेघ ओढली.

१७ मे

उत्तर आल्बर्टातील वणव्यांचा धूर शहरावर आला आहे. दोन दिवस बाहेर पडता आले नाही. घराच्या खिडकीतून स्प्रूसच्या झाडावर चार मर्टल दिसले, सर्व पांढऱ्या गळ्याचे. हे उत्तरेकडे निघालेले असावेत, आणि पुढे त्यांच्या वाटेत हाच धूर अधिक दाट आहे, हा विचार मनातून जात नाही.

३ जून, कॅनॅनास्किस

पहाटे साडेपाचला बॅरियर तलावाशी पोहोचले. लॉजपोल पाइनचे रान, मधे पांढरे स्प्रूस आणि ॲस्पेन. मेमध्ये शहरातून दिसतात ते पुष्कळसे वाटसरू असतात, पण जूनमध्ये गाणारा नर म्हणजे हद्द धरून बसलेला नर, म्हणून ही पाहणी आतापर्यंत थांबवली होती.

प्रत्येक नरासाठी पाच गोष्टी टिपल्या: गळ्याचा रंग, गळ्याच्या रंगाचा कोपरा मानेकडे किती मागे गेला आहे, भुवई आहे की नाही, कानावरची पट्टी काळी आहे की राखी, आणि पंखावर दोन वेगळे पांढरे पट्टे आहेत की एकच मोठा पांढरा डाग. मर्टलमध्ये गळा पांढरा असून कोपरा मागे वळतो, भुवई ठळक असते, कानपट्टी काळी असते आणि पंखावर दोन पट्टे असतात. ऑड्युबनमध्ये गळा पिवळा, कोपरा आखूड, भुवई जवळजवळ नाही, कानपट्टी राखी आणि पंखावर एकसंध डाग असतो.

पहिला नर दुर्बिणीत नीट आला तेव्हा मी वही खाली ठेवली. त्याचा गळा मधोमध पिवळा आणि कडांना पांढरा होता. भुवई होती, पण तुटक. कानपट्टी ना काळी ना राखी. पुस्तकातल्या दोन चित्रांपैकी कोणत्याही एका चित्राखाली त्याला बसवता आले नसते. तो मात्र पाइनच्या शेंड्यावर बसून, इतर कोणत्याही नरासारखे, आपले सैल कंप पावणारे गाणे म्हणत होता आणि शेजारच्या झाडावर दुसरा नर आला तसा त्याच्यावर धावून गेला. तो दुसरा शुद्ध मर्टल दिसत होता. हद्दीच्या भांडणात दोघांनीही एकमेकांना परके मानलेले दिसले नाही.

दहा वाजेपर्यंत नऊ नर नीट पाहता आले. त्यांपैकी पाचही खुणा मर्टलच्या होत्या असे फक्त तीन. बाकी सहांत काही ना काही मिसळण होती, आणि प्रत्येकाची मिसळण वेगळी होती. एकाचा गळा पूर्ण पिवळा असून चेहरा मर्टलचा होता. गाण्यावरून रूप ओळखण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. गाण्यांत फरक फार थोडा आहे. साध्या हाकेतला फरक अधिक भरवशाचा असतो: मर्टलची हाक चपटी, ‘चेक’ अशी, आणि ऑड्युबनची वर उचललेली, ‘च्विट’ अशी.

११ जून, गोल्डन, ब्रिटिश कोलंबिया

ट्रान्स-कॅनडा महामार्गाने पश्चिमेकडे आले. कॅनमोर, बॅन्फ, लेक लुईझ, किकिंग हॉर्स खिंड, आणि मग कोलंबिया नदीच्या खोऱ्यात उतार. प्रत्येक थांब्यावर अर्धा-पाऊण तास दिला. पश्चिमेकडे सरकावे तसा गळ्यातला पांढरा रंग कमी होत जातो आणि पिवळा वाढतो. गोल्डनजवळ पाहिलेले बहुतेक नर डोळे मिटून ऑड्युबन म्हणावेत असे होते. खिंडीच्या अलीकडे एक रूप आणि पलीकडे दुसरे, असे मात्र कुठेच झाले नाही. मी नकाशावर ओढलेल्या रेघेवर आज प्रत्यक्ष उभी होते, आणि तिथे रेघ नव्हती.

२५ जून

७ मेचा नकाशा मागे घेतला. रेघेच्या जागी तिरक्या रेषांचा पट्टा केला आहे. रुंदी किती धरावी यासाठी जुन्या अभ्यासांकडे वळले.

१९६४ मध्ये रॉबर्ट मेंगेल यांनी उत्तरेकडील वॉर्बलरांच्या उत्पत्तीविषयी एक विचार मांडला होता. हिमयुगात खंडावर पसरलेल्या बर्फाच्या थरांनी अरण्ये दुभंगली. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे अडकलेल्या गटांमध्ये हजारो वर्षांत फरक पडत गेला. बर्फ हटल्यावर झाडे परतली आणि त्यांच्यामागून पक्षी परतले. मर्टल आणि ऑड्युबन यांची रॉकी पर्वतातील भेट ही अशा पुनर्भेटीचे उदाहरण मानली जाते. जॉन हबर्ड यांनी संग्रहालयांतील आणि प्रत्यक्ष क्षेत्रातील नमुन्यांवरून १९६९ मध्ये दाखवून दिले की आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियातील खिंडींमध्ये दोन्ही रूपे मोकळेपणाने मिसळतात. तेवढ्यावरून अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ संघाने १९७३ मध्ये दोन जातींची एक जाती केली. मिसळतात त्या जाती वेगळ्या नाहीत, हे त्या काळचे माप होते. पुढे १९८० मध्ये जॉर्ज बॅरोक्लफ यांनी प्रथिनांच्या तुलनेतून दोन्ही रूपांत आनुवंशिक फरक फारच थोडा असल्याचे दाखवले आणि त्या निर्णयाला बळ मिळाले.

मग प्रश्न मिटला का? मीही एप्रिलमध्ये असे गृहीत धरले होते की मोकळी मिसळण होत असेल, तर काही पिढ्यांत दोन्ही रूपे एकमेकांत विरघळून जातील. ॲलन ब्रेल्सफर्ड आणि डॅरेन अर्विन यांचा २००९ चा अभ्यास वाचल्यावर हे गृहीतक मी खोडले. त्यांना आढळले की पट्ट्यातील पक्षी जोडीदार निवडताना रूपाचा फारसा विचार करत नाहीत, आणि असे असूनही पट्टा दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेरच राहिलेला आहे. तो पसरत गेलेला नाही. दरवर्षी हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याच्या मानाने हा पट्टा फार अरुंद आहे. याचा अर्थ, संकरित पिल्ले जन्मतात, गातात, हद्द धरतात, पण त्यांच्यातली पुरेशी पुढे टिकत नाहीत. कुठेतरी त्यांना तोटा सोसावा लागतो.

तो तोटा घरट्यात नसून प्रवासात असावा, हा तर्क मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. आल्बर्टाचे मर्टल हिवाळ्यासाठी आग्नेयेकडे जातात. पलीकडचे ऑड्युबन दक्षिणेकडे, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत. कोवळा पक्षी पहिल्या प्रवासाची दिशा आईबापांकडून शिकत नाही, रक्तातून घेऊन येतो, आणि रात्री उडतो. दोन दिशा ज्याच्या रक्तात आल्या, तो मधल्या दिशेला निघाला तर काय होईल? मधे उंच पर्वत आहेत आणि कोरडे पठार आहे. बॅरियर तलावाजवळचा तो तुटक भुवईचा नर निदान एकदा तरी जाऊन सुखरूप परत आलेला होता, एवढे नक्की.

१६ जुलै

दक्षिणेकडच्या रूपांचा भाग लिहिला. वायव्य मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतात काळ्या कपाळाचे एक रूप आहे. विल्यम ब्रूस्टर यांनी १८८९ मध्ये त्याला ‘नायग्रिफ्रॉन्स’ असे नाव दिले. ग्वातेमालाच्या पश्चिमेकडील उंच डोंगरांवर आणखी एक मोठे आणि अधिक काळे रूप राहते. त्याचे ‘गोल्डमनी’ हे नाव एडवर्ड नेल्सन यांनी १८९७ मध्ये दिले. गोल्डमनी मुळीच स्थलांतर करत नाही. जो पक्षी अलास्कातून निघून समुद्रकिनारे आणि डोंगर ओलांडत जातो, त्याचाच आप्त जन्मभर एकाच डोंगरावर राहतो. पंखांतही तो फरक उतरलेला आहे: लांबचा प्रवास करणाऱ्यांचे पंख लांब आणि टोकदार, एका जागी राहणाऱ्यांचे आखूड आणि गोलसर.

डीएनएचे पुरावे मी तीन वेळा वाचले, कारण ते सरळ नाहीत. पेशींतील तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रियातील) डीएनए फक्त आईकडून येते. ते तपासले तेव्हा उत्तरेकडील ऑड्युबनमध्ये मर्टलच्याच घराण्याचे डीएनए सापडले, आणि दक्षिणेकडच्या ऑड्युबनमध्ये ते काळ्या कपाळाच्या मेक्सिकन रूपाच्या घराण्याचे निघाले. दोन घराण्यांची सीमा पिसांच्या सीमेवर नाही. ती खूप दक्षिणेला, यूटा आणि ॲरिझोनाच्या बाजूला आहे, जिथे पक्षी दिसायला सारखेच आहेत. जुन्या काळी मर्टल आणि दक्षिणेकडचे रूप मिसळून ऑड्युबन घडला असावा, असा अर्थ २०११ मध्ये मांडला गेला. डेव्हिड टोझ यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये संपूर्ण जनुकसंचावर नजर टाकली, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले: तंतुकणिका काहीही सांगोत, मर्टल आणि ऑड्युबन जनुकसंचात वेगळे ओळखू येतात, आणि ग्वातेमालाचे गोल्डमनी तर त्या सर्वांपासून ठळकपणे अलग पडते.

कोशात हा भाग चार ओळींत बसवायचा आहे. ओळी कमी पडतील, पण तंतुकणिकांचा उल्लेख मी वगळणार नाही. एकाच प्रकारच्या पुराव्यावर निकाल देणे किती धोक्याचे आहे, ते यातूनच दिसते.

२० ऑगस्ट

संपादकांनी विचारले आहे की शीर्षक एका नोंदीचे द्यायचे की तीन नोंदींचे. २०१६ च्या अभ्यासानंतर जाती वेगळ्या करण्याचा प्रस्ताव अमेरिकन पक्षीशास्त्र संस्थेच्या (म्हणजे पूर्वीच्या पक्षीशास्त्रज्ञ संघाच्या) उत्तर अमेरिकेसाठीच्या समितीपुढे आला होता आणि २०१७ मध्ये तो मान्य झाला नाही. आंतरराष्ट्रीय पक्षीशास्त्र संघटनेच्या यादीत मात्र मर्टल आणि ऑड्युबन वेगळ्या जाती म्हणून छापले गेलेले आहेत. माझे स्वतःचे मत असे की गोल्डमनीला स्वतंत्र जाती न मानणे आता कठीण आहे, आणि मर्टल-ऑड्युबन यांच्याबाबतीत दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. कोश उत्तर अमेरिकेचा आहे, म्हणून उत्तर अमेरिकेच्या समितीचा निर्णय पाळून एकच नोंद ठेवावी आणि आत चारही रूपांना स्वतंत्र परिच्छेद द्यावेत, असे कळवले.

२४ सप्टेंबर

परतीचा प्रवास सुरू आहे. इंगलवूडला आज या पक्ष्यांचा थवा होता. उडत्या किड्यांमागे नदीवर झेपा घेत होते. आता सगळे तपकिरी झाले आहेत, कोवळ्या पक्ष्यांचे गळे मळकट आहेत, आणि रूप ओळखायला हाक हाच आधार उरला आहे. ‘चेक’ पुष्कळ ऐकू आले, ‘च्विट’ एकदाच.

हिवाळी प्रदेशाचा मजकूर आज लिहिला. बहुतेक वॉर्बलर मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे किंवा दक्षिण अमेरिका गाठतात, कारण थंडीत किडे मिळत नाहीत. मर्टलपैकीही कित्येक मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि पनामापर्यंत जातात. पण त्यांचा मोठा भाग अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतच थांबतो, आणि काही तर अटलांटिक किनाऱ्याने थेट नोव्हा स्कोशियापर्यंत हिवाळा काढतात. याचे रहस्य बेबेरी आणि वॅक्स मर्टल या झुडपांच्या राखट फळांत आहे. त्या फळांवर मेणाचा थर असतो. वसाहतवाले ती उकळून मेणबत्त्या बनवत. मेण पचवणे बहुतेक पक्ष्यांना जमत नाही. ॲलन प्लेस आणि एडमंड स्टाइल्स यांनी १९९२ मध्ये दाखवले की हा पक्षी त्या मेणातील ८० टक्क्यांहून अधिक भाग शरीरात जिरवू शकतो. बारा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला गोठत्या रात्रीसाठी लागणारे इंधन असे झुडपांवरच टांगलेले असते. ‘मर्टल वॉर्बलर’ हे नाव त्याच फळांवरून पडलेले आहे, आणि मला ते सर्व नावांत अधिक आवडते, कारण ते पक्ष्याच्या जगण्यावरून आलेले आहे.

अलास्काच्या मर्टलपैकी काही पर्वतांच्या पश्चिमेने उतरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा घालवतात. तिथे ते ऑड्युबनबरोबर एकाच झाडावर दिसतात. नकाशात हा बाण विसरले होते, आज घातला.

१५ ऑक्टोबर

आठवडाभरात एकच पक्षी दिसला. नदीकाठच्या पॉप्लरची पाने गळून गेली आहेत. नकाशाचे शेवटचे काम केले: विणीचा प्रदेश, हिवाळी प्रदेश, तिरक्या रेषांचा संकर पट्टा, आणि ग्वातेमालाच्या डोंगरांवर एक वेगळ्या रंगाचा ठिपका, ज्यातून एकही बाण निघत नाही.

५ नोव्हेंबर

नोंद संपादकांकडे पाठवली. त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबरला, अमेरिकन पक्षीशास्त्र संस्थेने जाहीर केले आहे की व्यक्तींच्या नावांवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलली जातील आणि सुरुवात प्रामुख्याने अमेरिका व कॅनडातील सत्तर ते ऐंशी जातींपासून होईल. ऑड्युबनने माणसांना गुलाम म्हणून बाळगले होते आणि टाउनसेंडने मूलनिवासींच्या कबरींतून कवट्या गोळा केल्या होत्या, ही माहिती नवी नाही. तिच्याकडे पाहण्याची तयारी आता झाली आहे, आणि ती योग्य आहे असे मला वाटते. शास्त्रीय नावे मात्र बदलणार नाहीत, त्यामुळे ‘ऑड्युबोनी’ हे उपजातीचे नाव तसेच राहील.

मजकुरात त्यानुसार एक दुरुस्ती केली. ‘मर्टल’ आणि ‘ऑड्युबन’ या रूढ नावांच्या आधी ‘पांढऱ्या गळ्याचे रूप’ आणि ‘पिवळ्या गळ्याचे रूप’ ही वर्णने ठेवली आहेत, म्हणजे इंग्रजी नाव उद्या बदलले तरी मराठी वाचकाला पक्षी ओळखता येईल. काकांनी मुद्रित वाचून एकच बदल सुचवला, तो मान्य केला: नात्याच्या परिच्छेदात भारीटाचे नाव आधी यावे, म्हणजे वटवट्या का नको ते वाचकाला लगेच कळेल.

माझ्याकडे आलेली पुढची नोंद ‘टाउनसेंड्स वॉर्बलर’ची आहे. शीर्षकाची जागा तूर्त कोरी ठेवून वर्णनापासून सुरुवात करते.